रुमालातला लॅपटॉप

४ मार्च

बुम संपला! सोळाव्या पोथीच्या शेवटच्या पानाचा फोटो दुपारी निघाला, मेमे ओनपोंनी सवयीने पुढचं पान उचलायला हात घातला, तर खाली पानच नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि मग हसत सुटलो.

बुम म्हणजे आमचा सोळा पोथ्यांचा धर्मग्रंथ; ऑक्टोबरपासून त्याचे फोटो काढणं चाललं होतं. ल्हाखांगमधून, म्हणजे आमच्या देवळातून, एकेक पोथी आमच्या घरातल्या काचेच्या खोलीत यायची. मेमे तिचा रुमाल सोडायचे, दोन लाकडी फळ्या बाजूला करायचे आणि सुटी पानं एकामागून एक कॅमेऱ्याखाली सरकवायचे. मी बटण दाबायची. पान लॅपटॉपमध्ये उमटायचं. एकेक पोथी कोकराएवढी जड. अख्ख्या चुमिक गावात ही अक्षरं घडाघडा वाचणारे आता मेमे एकटेच. पंचांग बघून पेरणीचा आणि लग्नाचा दिवस सांगणारेही तेच, म्हणून ओनपो; आणि अख्ख्या गावाचे आजोबा, म्हणून मेमे.

काम संपल्यावर मेमेंनी लॅपटॉप मागितला. दोन्ही हातांत घेऊन वर-खाली केला, आंबट ताकाचं मडकं जोखतात तसा.

"कुंझेस, सोळाच्या सोळा आत आहेत?"

"आहेत मेमे-ले."

"मग वजन का वाढलं नाही? शरदात हा आला तेव्हा मी उचलून बघितला होता. तेवढाच आहे."

मी म्हटलं, फोटोला वजन नसतं. त्यांनी लॅपटॉप पुन्हा एकदा जोखला. मग म्हणाले, "बरोबर आहे. सोळा पोथ्या भरून बुममध्ये हेच तर सांगितलंय, की कशातही धरण्यासारखं काही नाही. आपण उगाच याकच्या पाठीवरून वाहत होतो."

हे बोलून ते हसले, पण लॅपटॉप खाली ठेवताना त्यांचे हात सावकाश झाले. मला ते बघून कसंसंच झालं. पाच महिने मी रोज तोच डबा उघडत होते आणि त्यात काय साठतंय हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

६ मार्च

सकाळीच मेमे हजर. काखेत पिवळा रेशमी रुमाल, दोन फळ्या आणि चामड्याचा पट्टा.

"आता ही पोथी आहे," म्हणाले. "पोथीसारखी राहील."

मग अमाला, म्हणजे माझ्या आईला, आणि मला नियम सांगितले. जमिनीवर ठेवायची नाही. ओलांडायची नाही. तिच्यावर काही ठेवायचं नाही, कप तर नाहीच. खरकट्या हाताने शिवायचं नाही. वापर झाला की रुमालात, फळ्यांमध्ये, वरच्या फडताळावर.

मला हसू आवरेना. पोथ्यांचे फोटो जमवणाऱ्या लेहच्या संस्थेचा स्कर्मा लॅपटॉप देताना नेमकं हेच बजावून गेला होता. चहा लांब ठेव, जमिनीवर ठेवू नकोस, कोणाचा पाय पडेल, वर ओझं ठेवू नकोस, पडदा तडकेल, पिठाचे हात लावू नकोस. शिवाय त्याचे दोन-तीन जास्तीचे: थंडीतून एकदम उबेत आणायचा नाही, आत घाम धरतो, आणि चालू असताना गादीवर, गोधडीवर ठेवायचा नाही, कारण तो खालच्या जाळीतून श्वास घेतो. स्कर्माचं कोणी ऐकलं नव्हतं. अमा लॅपटॉपच्या शेजारी बसून सातूचं पीठ मळायची आणि अर्धं पीठ बटणांच्या फटीत जायचं. मी फुंकून फुंकून दमले होते.

आज मेमे गेल्यावर अमाने हात धुतले, कोरडे पुसले, फडताळ आवरलं, आपली लग्नातली पितळी भांडी खालच्या कप्प्यात उतरवली आणि ती जागा लॅपटॉपला दिली.

१९ मार्च

अचो गुरमेत घाटाच्या अलीकडे चाललेल्या रस्त्याच्या कामावरून परत आला. पेनड्राइव्हमध्ये चार सिनेमे घेऊन आलाय, माझा थोरला भाऊ दुसरं काय आणणार!

"काढ लॅपटॉप," म्हणाला.

अमा चुलीपाशी होती, तिथूनच ओरडली, "खबरदार! बुममध्ये मारामाऱ्या घालतोस?"

"अगं अमा, तो वेगळ्या खणात राहील."

"पोथीत वेगळा खण असतो का रे? शहाणा!"

गुरमेतने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. बिचारा फोनवर सिनेमा बघत बसला, एवढ्याशा पडद्यावर.

शेजारची यांगजोर आता स्वयंपाकघरात आली की आधी फडताळापुढे तीनदा लवते, मग चुलीवर काय आहे ते बघते. आमची मांजरसुद्धा वर चढायचं विसरली, कारण तिला चढताना पाहिलं की आम्ही तिघं मिळून ओरडतो. एवढा जपलेला लॅपटॉप अख्ख्या लेहमध्ये नसेल. स्कर्माला सांगितलं पाहिजे, संस्थेने शिकवणीच्या जागी सरळ पिवळे रुमाल वाटावेत.

११ एप्रिल

वाईट झालं.

बर्फ वितळायला लागल्यापासून सगळी घरं गळतायत, पण ल्हाखांगच्या माळवदाला आतून भेग पडली होती ते कोणाला कळलं नाही. आज पौर्णिमेच्या दिव्यांसाठी दार उघडलं, तर उत्तरेच्या भिंतीवरून पाणी ओघळत होतं. सातवी, आठवी आणि नववी पोथी. मेमेंनी सातवीचा रुमाल सोडला. आत पानं नव्हतीच, वीट होती. शाई वाहून कडेला जमली होती. एक पान सोडवायला गेले, तर ते त्यांच्या बोटांना लगद्यासारखं चिकटून आलं.

कोणी रडलं नाही. मेमे तिथेच भिंतीला टेकून बसले, बोटांवरचा लगदा तसाच. मग गोबा थिनलास, आमचे गावप्रमुख, माझ्याकडे वळले. मग यांगजोर. मग सगळेच.

"कुंझेस," गोबा म्हणाले, "आहेत ना?"

मी धावत घरी आले. अमाने रुमाल खाली काढून दिला, तो मी छातीशी धरून नेला. ल्हाखांगमध्ये कोणीतरी गालिचा चौपदरी करून चौरंगावर घातला. मी लॅपटॉप गालिच्यावरून उचलून फळीवर ठेवला, उघडला. सातवी काढली. पहिलं पान आलं.

सगळे श्वास रोखून होते, म्हणून लॅपटॉपचा पंखा ऐकू येत होता. मेमेंनी दोन ओळी वाचल्या. पुढचं पान म्हणाले. मी पुढचं काढलं. आठवी म्हणाले. आठवी काढली. नववी. मग त्यांनी डोकं वाकवून कपाळ पडद्याला टेकवलं. लोण्याचा ओशट डाग उमटला. पडदा पुसायचं मऊ फडकं माझ्या खिशात होतं, मी ते काढलं नाही.

माझ्या अंगावर आत्ता लिहितानाही काटा येतोय. आमच्या पणज्यांच्या आधीपासून गावात असलेलं काहीतरी आज संपलं होतं आणि ते माझ्या मांडीएवढ्या जागेत जिवंत होतं.

१२ एप्रिल

काल जे सुचलं नाही ते आज सुचलं. या तीन पोथ्या आता दुसरीकडे कुठेच नाहीत. दुसरी प्रत ठेवायला संस्थेने दिलेली डिस्क जानेवारीच्या थंडीत बंद पडली ती पडलीच. फोनमध्ये उतरवून बघितल्या, अर्ध्या पोथीतच जागा संपली; गुरमेतच्या पेनड्राइव्हमध्ये तेवढीही मावली नाही. घाट अजून बर्फाखाली. जूनपर्यंत कोणी येत नाही, कोणी जात नाही.

आता रुमाल सोडायला सुद्धा भीती वाटते.

३ मे

पेरणी आटोपली. टेकडीवर चढून फोनला रेंज मिळवली आणि स्कर्माला सगळं सांगितलं. त्याने सगळं दोनदा विचारून घेतलं.

"ऐक," म्हणाला, "पूर्ण बंद कर. झोपवायचा नाही, बंद. बांधून ठेव आणि मी येईपर्यंत हात लावू नकोस. रस्ता उघडला की पहिल्या गाडीने येतो."

घरी आले आणि तसंच केलं. हातातलं ओझं उतरल्यासारखं वाटलं. अमाने विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं, "हात लावू नका म्हणाला." अमा म्हणाली, "ते तर मेमेंनीच सांगितलं होतं. यासाठी टेकडी चढलीस?"

२७ मे

बुमस्कोरचा दिवस निघाला. कोंब वीतभर झाले की बुमच्या पोथ्या पाठीवर घेऊन साऱ्या शेतांभोवती फिरायचं. गारा, कीड, पाण्याची ओढ, जे काही जवावर येणार असेल ते वाटेतच थांबतं. मेमेंनी आठ जून सांगितलाय. घाट त्यानंतर उघडणार.

संध्याकाळी गोबांकडे बैठक होती. जवाची दारू, छांग होती, पण कोणी वाटी तोंडाला लावत नव्हतं.

"तेरा पोथ्यांची फेरी कशी करायची?" कोणीतरी म्हणालं. "तीन पोथ्यांएवढं कुंपण उघडंच राहणार."

"आणि गार नेमकी तिथूनच येणार," यांगजोर म्हणाली. तिचं शेत उत्तरेला, टोकाला आहे.

पुढचं कोणाला बोलायची गरज नव्हती, तीन पोथ्यांच्या जागी लॅपटॉप फिरवायचा. मी म्हटलं, नाही. पडला तर? ओढ्यात गेला तर? धूळ गेली तर? स्कर्माने हात लावू नको म्हटलंय. हे सगळं मी जरा मोठ्याने बोलले असेन. मेमे म्हणाले, "तुझ्या हाताने आत गेलाय, तुझ्याच हाताने बाहेर येईल. आम्ही ओढणार नाही."

घरी येताना अमा पुढे चालत होती. कुंपणापाशी थांबून म्हणाली, "तुझं खरं आहे, जपायलाच हवा. पण पोथी जवाला भेटणार नसेल, तर जपायची तरी कोणासाठी गं?"

मला तिचा राग आला.

३० मे

आज मुद्दाम उत्तरेच्या शेतांपर्यंत चालत गेले. यांगजोर पाटाचं पाणी वळवत होती. तिने मान वर करून बघितलं. नुसतं "जुले" म्हणाली, आमचा नमस्कार, आणि खोऱ्याने चिखल थापत राहिली. कोंब इतके कोवळे की वाऱ्याने रंग बदलतात. परत येताना सरळ मेमेंच्या घरी गेले आणि म्हटलं, नेऊया. पण गुरमेतच्या पाठीवर, आणि मी शेवटपर्यंत त्याच्या मागे चालणार.

५ जून

बांधायची तयारी झाली. धूळ जाऊ नये म्हणून आत सुती कापड, मग संस्थेची पिशवी, मग फळ्या, मग रुमाल, त्यावर मेणकापड. पट्टा गुरमेतने असा आवळला की फळ्या करकरल्या. दोनदा गच्चीवरून उतरून बघितलं, हलत नाही.

मेमे बघत होते. म्हणाले, "आत्ता अक्षरं कुठे आहेत?"

"आतच. बंद आहे ना, झोपलीयत."

"झोपलेली फिरवून काय उपयोग? शेताने ऐकायला हवं. कागदावरची अक्षरं अंधारातही उघड्या डोळ्यांनी असतात. याची मिटतात, तूच सांगितलंस."

खरंच, मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, स्कर्मा बंद ठेव म्हणालाय. ते म्हणाले, "स्कर्माने घरात ठेवायला सांगितला, तेव्हा बंद ठेवायला सांगितला. बाहेर न्यायचा म्हटल्यावर काय म्हणाला असता?"

मी पुन्हा पट्टा सोडला. संध्याकाळभर धडपडून मी लॅपटॉपमधली ती सोय शोधून काढलीच, झाकण मिटलं तरी तो आत जागा राहील अशी. सातवीचं पहिलं पान उघडं ठेवायचं, पानं आपोआप एकामागून एक पुढे जात राहतील, नववी संपली की पुन्हा सातवी. बॅटरी सकाळी पूर्ण भरून घ्यायची. मेमेंना दाखवलं तर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "वाचणारा कोणी नाही आणि पोथी स्वतःला वाचतेय," म्हणाले. मला माझं फार कौतुक वाटलं.

८ जून

हात दुखतायत, पाय दुखतायत, तरी आजचं आजच लिहायचं. असा दिवस पुन्हा येणार नाही.

ढग नव्हता. ल्हाखांगच्या दारात धुपासाठी शुक्पाच्या झाडाच्या फांद्या पेटवल्या होत्या, धूर सरळ वर चढत होता. पुढे ढोल, मग कर्णे, मग मूर्ती घेऊन गोबा, मग पोथ्या. सहावीच्या मागे गुरमेत आणि त्याच्या मागे दहावी, म्हणजे तीन पोथ्यांची जागा एकट्या गुरमेतची. रांगेत तेवढं अंतर त्याच्यासाठी सोडलं होतं. त्याने नवा गोन्चा, आमचा लांब झगा, घातला होता आणि तोंड धुतलं होतं. मी त्याला एवढा गंभीर अमाच्या आजारपणातही पाहिला नाही.

मी त्याच्या पावलांवर डोळे ठेवून होते. बांध अरुंद, माती सुटी. म्हाताऱ्या माणसांनी वाटेवर वाकून रांग धरली होती, पोथ्या त्यांच्या डोक्यांवरून जात. कोणी पट्ट्याला खाता, मानाचं पांढरं वस्त्र, बांधत होतं, कोणी लोणी लावायला बघत होतं, मी त्यांचे हात अडवत होते. "लोणी नको, अबी-ले, लोणी नको!" असं एकेका आजीला म्हणून माझा घसा बसला.

खालच्या शेतांना वळसा घालून झाल्यावर गुरमेत मान न वळवता म्हणाला, "कुंझेस, गरम लागतंय गं."

"ऊन आहे."

"उन्हाचं नाही. आतून लागतंय. पाठीला."

मी मेणकापडाखाली हात घातला. खरंच रुमाल कोमट होता. नुसता कोमट नाही, अंडी उबवणाऱ्या कोंबडीच्या पोटाखाली लागतो तसा. मी मेमेंना हाक मारली. त्यांनी हात घातला आणि तसाच ठेवला. ढोल थांबला. मग त्यांनी एवढंच म्हटलं, "जागा आहे."

हे रांगेतून पुढे गेलं आणि मागेही गेलं. बुम जागा आहे, बुमला ऊब आहे. लोक रांग सोडून आले. यांगजोरने तळवा लावला आणि मग तोच तळवा गालाला लावला. गोबा, जे कधी कशाने हलत नाहीत, ते रुमालाला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, आत काहीतरी जोरजोरात घुमतंय. दहावी पोथी वाहणाऱ्याने आपली पोथी चाचपली आणि ओशाळून म्हणाला, "आमची गार आहे." सगळे हसले, रडणारेसुद्धा.

मी पुन्हा हात लावला. मला माहीत आहे तो एक डबा आहे, त्यात तारा आहेत, मला सगळं माहीत आहे. तरी हाताखाली जे होतं ते जिवंत होतं. शाळेत, जम्मूच्या कॉलेजात, आजवर कुठल्याही देवळात मला असं झालं नाही. मी भर शेतात हुंदके देत उभी राहिले आणि मला कोणाचीच लाज वाटली नाही.

वरच्या शेतांकडे ओढा ओलांडावा लागतो. तिथे मी ज्याला भीत होते तेच झालं. गुरमेतचा पाय दगडावरून सटकला. पण हा माझा भाऊ मागे पडलाच नाही. अंग पुढे झोकून गुडघ्यांवर पडला, हनुवटी फुटली, कंबरेपर्यंत भिजला, आणि पाठ आकाशाकडे धरून तसाच पाण्यात थांबला. "आधी पोथी घ्या!" ओरडत राहिला. बघितलं, रुमालाला थेंब नव्हता. तेव्हा मला वाटलं, आता काही होत नाही. धूळ गेली नाही, पाणी गेलं नाही, आपटला नाही. स्कर्माला छाती काढून सांगेन.

उत्तरेच्या टोकाला पोचेपर्यंत चटका बसेल इतकी ऊब वाढली होती. यांगजोरच्या शेतापाशी मेमे पुन्हा हात लावून म्हणाले, जिथे गरज जास्त तिथे जोर जास्त. उतरताना मात्र ऊब ओसरली. ल्हाखांगमध्ये रुमाल उतरवला तेव्हा पोथी गार होत आली होती. "दमली असेल, आज राहू दे बांधलेली," मेमे म्हणाले. रुमालाला जळका वास येत होता, दिवसभर शुक्पाच्या धुरात चाललो होतो, सगळ्यांच्याच कपड्यांना येतोय.

९ जून

लॅपटॉप सुरू होत नाही.

१० जून

बॅटरी संपली असेल म्हणून रात्रभर लावून ठेवला होता. कडेचा दिवासुद्धा लागत नाही. खालच्या जाळीच्या बाजूला प्लास्टिक किंचित फुगलंय. पाणी गेलं नाही, धूळ गेली नाही, मग काय झालं? गुरमेत हनुवटीला फडकं बांधून शेजारी बसलाय आणि दर थोड्या वेळाने विचारतोय, "मी पडलो म्हणून का गं?" मी नाही म्हणते. पण मलाच माहीत नाही.

१२ जून

मेमेंना सांगायलाच हवं होतं, सांगितलं. ते फडताळाखाली बसून राहिले. मग वर बघून म्हणाले, "मेलाय का?"

"माहीत नाही मेमे-ले."

"शेतात होता तेव्हा होता. ते तुझ्याही हाताने बघितलंय."

मग सातवीतलं जेवढं पाठ आहे तेवढं म्हणायला लागले. सुरुवातीची थोडीच पानं पाठ आहेत त्यांना. जिथे अडले तिथून पुन्हा मागे यायचे आणि पुन्हा म्हणायचे, पाय चुकलेल्या वाटेवर फिरून फिरून येतात तसे. अमाने चहा आणला, त्यांच्यापुढे ठेवला, आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मला हे सहन होत नाही. तीन पोथ्या पाण्यातून वाचल्या होत्या आणि माझ्याकडे येऊन गेल्या.

२१ जून

स्कर्मा आला. घाट परवा उघडला, खरोखरच पहिल्या गाडीने आला, चेहरा धुळीने पांढरा. चहासुद्धा न घेता म्हणाला, "दाखव."

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने लॅपटॉप उलटा केला, फुगलेल्या जागेवरून बोट फिरवलं, वास घेतला.

"पूर्ण बंद केला होतास ना?"

मी पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"कुंझेस?"

"जागा ठेवला होता," गुरमेतच बोलला. "रुमालात बांधून. दिवसभर. शेताला ऐकू यावं म्हणून."

"गरमही होता," यांगजोर म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी हात लावून बघितला."

स्कर्माने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं. तेव्हा, त्याच्या त्या बघण्याने, मला कळलं. जाळी. श्वास. मी लॅपटॉपला कापडात, पिशवीत, फळ्यांत कोंडलं होतं आणि त्याच्या गुदमरण्याला आम्ही ऊब म्हणत होतो. मी चुलीच्या कट्ट्यावर बसले. मला वाटलं तो आता सगळ्यांसमोर सांगेल. पण तो सरळ स्क्रू काढायला लागला आणि म्हणाला, "माझ्या आजीनेही हेच केलं असतं."

पाठ उघडली. आतली हिरवी पाटी एका बाजूला काळी पडली होती, पंख्याची पाती वितळून वाकली होती. बायकांनी तोंडावर हात घेतले. स्कर्मा एका कोपऱ्यात घुसला, बारीकसा स्क्रू काढला आणि चिमटीत काहीतरी घेऊन वर धरलं. बोटाएवढी पातळ पट्टी.

"हे काय?" मेमेंनी विचारलं.

"पोथ्या यात असतात. बाकीचं सगळं हे दाखवण्यापुरतं."

"सातवी, आठवी, नववी? यात?"

"सोळाच्या सोळा, मेमे-ले. जळलं नसेल तर."

मेमेंनी ओंजळ पुढे केली. स्कर्मा क्षणभर घुटमळला, मग त्याने ती पट्टी त्यांच्या तळव्यावर ठेवली. मागचे लोक चवड्यांवर उभे राहिले. जवाचं पातं वाटावं एवढीशी गोष्ट त्या सुरकुतलेल्या ओंजळीत होती, आणि मेमे तिच्याकडे असे बघत होते की मीही बघत राहिले. त्यांनी ती डोक्याला लावली. मग अगदी हळू परत दिली.

स्कर्माने ती एका छोट्या डबीत बसवली, डबी आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर काहीच आलं नाही. कोणीतरी मंत्र पुटपुटायला लागलं. गुरमेतने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखायला लागलं. मग एक खण उघडला, त्यात सोळा खण होते, आणि स्कर्मा मोठ्याने, स्वतःलाच म्हणाल्यासारखा बोलला, "आहेत रे. आहेत."

केवढा आवाज झाला! यांगजोर हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नसेल. स्कर्माने लगेच सगळं आपल्या लॅपटॉपमध्ये उतरवलं, मग सोबत आणलेल्या दोन डिस्कांवर. त्यातली एक मेमेंच्या हातात दिली, दुसरी सवयीने पँटच्या मागच्या खिशात घालायला गेला आणि अख्खं स्वयंपाकघर "आ आ आ!" करून ओरडलं. बिचारा दचकला. अमाने ती काढून घेऊन त्याच्या छातीच्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

"एखादं पान दाखव," मेमे म्हणाले. "सातवीचं. मधलं. मला पाठ नसलेलं."

स्कर्माने कुठलं तरी पान उघडलं. मेमे वाचायला लागले. डावीकडून उजवीकडे त्यांची मान सरकत होती आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी एकदम थांबली. मी पुढे होऊन बघितलं. पानाच्या कोपऱ्यात अंगठा होता. थंडीने भेगाळलेला, नखात काजळी. माझा. पानं गुंडाळली जाऊ नयेत म्हणून मी कोपरा दाबून धरायचे आणि बटण दाबायच्या आधी हात काढायचे. एवढ्या हजारो पानांत इथे काढायचा राहून गेला होता.

"अरेरे," स्कर्मा म्हणाला. "बोट आलंय. हे पान पुन्हा काढून..."

आणि तोही थांबला. पुन्हा काढायला सातवी आता होती कुठे?

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अंगठ्याखाली दोन अक्षरं झाकली होती. मी हात बाहीत ओढून घेतला. मेमे पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी झाकलेला शब्द काही अडचण नसल्यासारखा उच्चारला, बुममध्ये तोच शब्द शेकडो वेळा येतो, आणि पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली, पान संपवलं.

"ज्याने पोथी लिहिली तो शेवटच्या पानावर आपलं नाव लिहून जातो," ते म्हणाले. "पुढचे लोक वाचतात, डोक्याला लावतात. हिने मध्येच अंगठा ठेवलाय. असू दे. हे पान काढायचं नाही, बदलायचं नाही."

मग ते वाकले आणि त्यांनी कपाळ पडद्याला टेकवलं, नेमकं त्या कोपऱ्याला. त्यांच्यामागून गोबा वाकले. मग यांगजोर, मग जे जे आले होते ते सगळे, एकामागून एक, आणि स्कर्मा पडदा धरून उभा होता, ओशट डाग पडत होते तरी काही बोलला नाही. गुरमेत वाकताना मला चिमटा काढून गेला.

मग कोणी उरलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी कशी, माझाच तर अंगठा आहे तो. जागची हलले नाही.

अमाने मागून माझी मान धरली आणि खाली वाकवली.